औरंगपुरा ते नागसेनवन : वंशाचा सिद्धान्त, जातीची मोजणी आणि बाबासाहेबांचा निष्कर्ष

जातनिहाय जनगणना दारात येऊन उभी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी तिला मान्यता दिली. १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली आणि महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. १९३१ नंतर प्रथमच प्रत्येक माणसाची जात विचारून नोंदवली जाणार आहे. त्यामुळे विहारांत, वस्त्यांत आणि व्हॉट्सॲप गटांत एकच चर्चा आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचे हे ठरलेले आहे, पण जातीच्या रकान्यात काय लिहायचे?

या चर्चेत दुसरी एक चर्चा येऊन मिसळते. 'आपण मूलनिवासी, ते परकीय वंशाचे. डीएनएने हे सिद्ध झाले आहे' असा संदेश गेली वीस-बावीस वर्षे फिरतो आहे. जनगणना जवळ येईल तसा त्याला जोर चढतो. काही तरुण कार्यकर्ते तर म्हणतात की जातीऐवजी वंशच लिहिण्याची मागणी करावी.

पहिला प्रश्न कायद्याचा आणि हक्काचा आहे. दुसरा प्रश्न रक्ताचा आहे, म्हणजे तसा तो मांडला जातो. दोन्ही एकत्र केले की पहिल्याचे नुकसान होते. म्हणून मानववंशशास्त्र वंशाबद्दल काय सांगते आणि बाबासाहेबांनी त्याबद्दल काय निर्णय दिला, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

औरंगपुऱ्यातला पुतळा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. ११ एप्रिलला तिथे अभिवादनाला रांग लागते आणि तिथून तीन दिवसांनी सगळे शहर भीमजयंतीत न्हाऊन निघते. फुल्यांपासून आंबेडकरांपर्यंतचा हा प्रवास आपण तारखांत आणि मिरवणुकांत दरवर्षी करतो. विचारांत मात्र त्या प्रवासातले एक वळण आपण फारसे पाहत नाही.

जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली. त्या ग्रंथाचा पाया असा, की ब्राह्मण इराणकडून आले, त्यांनी इथल्या बळीराजाच्या प्रजेला जिंकले आणि जिंकलेल्यांना शूद्र-अतिशूद्र ठरवले. विष्णूचे अवतार म्हणजे त्या स्वाऱ्यांच्या आठवणी, असा उलगडा त्यांनी केला.

हा विचार कुठून आला? १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे नाते दाखवले. भाषेच्या या नात्यावरून युरोपातल्या पंडितांनी पुढे 'आर्य वंश' नावाची मानवजात कल्पिली. ज्या मॅक्स म्युलर यांचे नाव या सिद्धान्ताशी जोडले जाते, त्यांनीच १८८८ मध्ये बजावले होते की 'आर्य' हे भाषेचे नाव आहे, रक्ताचे किंवा कवटीचे नव्हे. पण तोवर गाडी सुटली होती. उच्चवर्णीयांना हा सिद्धान्त आवडला, कारण त्यामुळे ते राज्यकर्त्या इंग्रजांचे भाऊबंद ठरत होते. टिळकांनी १९०३ च्या ग्रंथात आर्यांचे मूळ थेट उत्तर ध्रुवाजवळ नेले.

जोतिरावांनी तोच सिद्धान्त उलटा केला. तुम्ही बाहेरून आलेले विजेते असाल, तर तुमचे श्रेष्ठत्व देवदत्त नाही, लुटीचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या काळात शूद्रांना आपला इतिहासच नव्हता, त्या काळात त्यांना इतिहास देण्याचे काम या मांडणीने केले. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शस्त्र कोणत्या काळात घडले हे विसरून चालत नाही.

नाक मोजणारे साहेब

इंग्रज सरकारला वंशाच्या कल्पनेला मोजमापाची जोड द्यायची होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी त्यासाठी नाक निवडले. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. नाक जितके अरुंद तितकी जात वरची, असा नियम त्यांनी सांगितला. जात म्हणजे वंश, आणि वंश नाकावर लिहिलेला असतो, असा याचा अर्थ.

रिस्ले यांच्या योजनेनुसार प्रांतोप्रांती जाती-जमातींची पाहणी सुरू झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातील जाती-जमातींवरचा सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला. आज ज्या 'हैदराबाद गॅझेट'च्या नोंदींवरून मराठवाड्यात रान पेटले आहे, त्या नोंदी याच मोजणीच्या युगातल्या आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर त्या नोंदी शोधण्यासाठी कचेऱ्यांत गर्दी झाली. बंजारा समाजानेही त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विदर्भात कुणबी म्हणून नोंदलेला शेतकरी समाज मराठवाड्यात मराठा म्हणून नोंदला गेला. सीमा बदलली, राज्य बदलले, कारकून बदलला आणि नाव बदलले. रक्त तर बदलले नव्हते. कोणाला आरक्षण मिळावे हा वेगळा वाद आहे आणि तो सामाजिक मागासलेपणाच्या पुराव्यावर सुटला पाहिजे. पण कागदावरची नावे वंशाची साक्ष देत नाहीत एवढे यातून स्पष्ट होते.

खुद्द रिस्ले यांची महाराष्ट्रात पंचाईत झाली. त्यांच्या सात वांशिक प्रकारांत त्यांनी महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी यांना एकाच गटात टाकले, 'सिथो-द्रविड' या गटात. गावात एकमेकांच्या पंक्तीला न बसणारे लोक साहेबाच्या मोजपट्टीवर एकाच पंक्तीत बसले. पुढे १९३२ मध्ये गो. स. घुर्ये यांनी रिस्ले यांचीच मापे तपासली. उत्तर हिंदुस्थानचा भाग सोडला तर नाक आणि जातीची उतरंड यांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी दाखवले.

बाबासाहेबांनी दिलेला निर्णय

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस यांनी त्याच काळात अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते, की कवटीचा आकारसुद्धा एका पिढीत बदलतो. ज्या कवटीला वंशाची अढळ खूण मानले जात होते, ती खूणच अढळ नव्हती.

त्या निबंधात बाबासाहेबांनी रिस्ले यांच्यासह त्या वेळच्या मोठ्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या आणि बाजूला ठेवल्या. भारतातले लोक अनेक समूहांचे मिश्रण आहेत हे मान्य करून त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. मिसळलेल्या लोकांचे पुन्हा बंद कप्पे कसे झाले? त्यांचे उत्तर एका शब्दात होते : अंतर्विवाह. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती म्हणजे जात. ही सक्ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. म्हणजे जातीचा दरवाजा स्त्रीच्या शरीरावर बांधलेला आहे, हे त्यांनी १९१६ मध्येच सांगितले.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात त्यांनी हा मुद्दा आणखी उघड केला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. जात वंशांची वाटणी करत नाही, ती एकाच वंशाच्या माणसांची वाटणी करते. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांच्याकडची नाकाची मापेच हातात घेतली आणि निष्कर्ष काढला : ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आहेत, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड आहेत.

या दोन्हींच्या मध्ये, १९४६ मध्ये, 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ आला. त्यात बाबासाहेबांनी वेदांतले आर्य, दास, दस्यू, वर्ण हे शब्द एकेक करून तपासले आणि आर्य वंशाने येऊन दास वंशाला जिंकल्याची कथा पुराव्यावर टिकत नाही असे ठरवले. हा ग्रंथ त्यांनी कोणाला अर्पण केला? महात्मा जोतिराव फुल्यांना.

आपण इथे थांबून विचार केला पाहिजे. गुरूचा सिद्धान्त शिष्याने पुराव्याअभावी नाकारला आणि नाकारणारा ग्रंथ त्याच गुरूच्या चरणी ठेवला. यात अनादर नाही. जोतिरावांकडून बाबासाहेबांनी घेतला तो प्रश्न आणि ती निष्ठा. उत्तर त्यांनी आपल्या काळाच्या ज्ञानावर घासून घेतले. आपल्या चळवळीची परंपरा ही आहे.

बर्लिनमधल्या कवट्या

याच काळातली एक मराठी घटना सांगण्याजोगी आहे. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. तिथल्या नव्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत युजेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. फिशर यांची अटकळ अशी की गोऱ्यांच्या कवटीतील डाव्या-उजव्या बाजूंची असमानता त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाची खूण आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले की वंश आणि ही असमानता यांचा संबंध दिसत नाही. पुढे फिशर आणि त्यांची संस्था नाझी वंशधोरणाच्या सेवेला लागली. साठ लाख ज्यूंची हत्या झाली तिच्यामागे 'शुद्ध रक्त' या कल्पनेचे विद्यापीठीय शिक्षणही होते.

इरावतीबाई नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापे घेत राहिल्या. मोजपट्टीवरचा विश्वास त्यांनी पूर्ण सोडला नाही, आणि त्यांच्या काही मांडण्यांशी आपले मतभेद असू शकतात. पण १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जी तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात एकाच दर्जाच्या या गटांतही आपापसांत लक्षणीय फरक आढळला. 'ब्राह्मण' नावाचे एकसंध रक्त महाराष्ट्रात नाही, ही गोष्ट मोजणाऱ्यांच्याच हातून बाहेर आली.

डीएनए खरोखर काय सांगतो?

आता त्या संदेशाकडे वळू. त्याचे मूळ २००१ मधल्या एका संशोधनात आहे. अमेरिकेतील उटाह विद्यापीठाचे मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातील आठ तेलुगूभाषक जातींच्या अडीचशेच्या वर पुरुषांचे नमुने तपासले. पित्याकडून येणाऱ्या वाय गुणसूत्रात वरच्या जातींचे साम्य युरोपीय समूहांशी थोडे जास्त आणि आईकडून येणाऱ्या डीएनएत सर्वच जातींचे साम्य आशियाई समूहांशी जास्त, असे त्यांना दिसले. यावरून 'सगळे ब्राह्मण युरेशियन, बाकी सगळे मूलनिवासी' हा निष्कर्ष निघत नाही. एका प्रदेशातले मर्यादित नमुने आणि तेही कमी-जास्त प्रमाण सांगणारे, एवढाच तो पुरावा आहे.

त्यानंतर खूप काम झाले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसले की भारतातले बहुतेक सर्व समूह दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहेत. त्यांपैकी उत्तरेकडच्या समूहाचा वाटा तपासलेल्या गटांत ३९ ते ७१ टक्के होता. कोणाचाच शून्य नाही आणि कोणाचाच शंभर नाही. २०१९ मध्ये राखीगढीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीचा डीएनए प्रसिद्ध झाला. त्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. मात्र तीही 'शुद्ध' नव्हती. तिच्यात इराणी पठाराकडच्या लोकांशी नाते असलेला आणि इथल्या प्राचीन शिकाऱ्यांचा, असे दोन्ही वारसे होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने सांगितले की गवताळ प्रदेशातले लोक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान इकडे मिसळले आणि परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही गटांत त्यांचा अंश तुलनेने अधिक आहे.

हे सगळे खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. स्थलांतर झाले. ज्यांना 'आर्य इथलेच' असे सिद्ध करायचे आहे, त्यांना हा पुरावा अडचणीचा आहे. पण ज्यांना 'आपण शुद्ध मूलनिवासी' म्हणायचे आहे, त्यांनाही तो तितकाच अडचणीचा आहे. फरक आहे तो प्रमाणाचा, आणि अशा फरकाला शास्त्र वंश म्हणत नाही. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते की माणसामाणसांतील एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. आणि फार मागे गेलो तर आपण सगळेच आफ्रिकेतून आलेलो आहोत.

या संशोधनातला आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे आणि तोच संदेशांतून गळतो. प्रिया मूर्जानी यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. नंतर मिसळणे थांबले. कल्याणीच्या संस्थेतील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासाने हे थांबणे वरच्या जातींत साधारण ७० पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपासचे ठरवले. आधी मिश्रण होते, मग बंदी आली. ही बंदी निसर्गाने घातलेली नव्हती. ती धर्मशास्त्राने घातली आणि राजसत्तेने पाळून घेतली. १९१६ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केवळ तर्काने जे सांगितले, तेच शंभर वर्षांनी प्रयोगशाळेने सांगितले. डीएनएने काही सिद्ध केले असेल तर ते बाबासाहेबांचे म्हणणे.

सिकलसेलचा धडा

'मग आजार जातीजातींत वेगळे का?' असे कोणी विचारील. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. पण सिकलसेल हा कोणत्या वंशाचा आजार नाही. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे हे जनुक एका पालकाकडून मिळालेल्याला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळाले, म्हणून ते टिकले. ते दोन्ही पालकांकडून आले की आजार होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लहान गटातच लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

म्हणजे इथेही दोष रक्ताचा नाही, बंद दरवाजाचा आहे. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. आपल्या विहारांनी वधू-वर मेळाव्यात पत्रिकेचा आग्रह सोडून सिकलसेल तपासणीच्या कार्डाचा आग्रह धरला, तर ती मानववंशशास्त्राची खरी सेवा होईल.

१९७८ मध्ये वस्त्या कोणी जाळल्या?

वंशाच्या सिद्धान्ताची सर्वांत कडक परीक्षा मराठवाड्याच्या मातीत झाली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे हा लढा चालला.

त्या वस्त्या जाळायला कोणी परकीय वंश आला नव्हता. जाळणारे त्याच गावचे होते. आजच्या 'मूलनिवासी' यादीप्रमाणे पाहिले तर त्यांच्यातले बहुतेक आपले रक्तबंधूच ठरतात. आणि नामांतरासाठी तुरुंगात गेलेल्यांत, मार खाल्लेल्यांत सवर्ण समाजवादीही होते, ते या यादीत 'परकीय' ठरतात. जो सिद्धान्त जाळणाऱ्याला भाऊ आणि सोबत उभे राहणाऱ्याला शत्रू ठरवतो, तो चळवळीला वाट दाखवू शकत नाही. बहुजन ऐक्य हवेच आहे, पण ते समान हक्कांच्या करारावर उभे राहील. समान जनुकांच्या दाव्यावर उभे केलेले ऐक्य पहिल्याच दंगलीत कोसळते.

यात आणखी एक धोका आहे. 'मूळचे कोण आणि बाहेरचे कोण' हा खेळ एकदा मान्य केला की त्याचे नियम बहुसंख्याकांच्या हाती जातात. आज तोच प्रश्न मुसलमानांना विचारला जातो, ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या डोळ्यांवरून विचारला जातो. उद्या बौद्धांनाही विचारला जाईल. आपण तो खेळ खेळायचा की मोडायचा?

जात वंश नाही, म्हणून सरकार सुटते का?

इथे दुसऱ्या बाजूची चलाखीही ओळखली पाहिजे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न तिथे मांडला. भारत सरकारने विरोध केला आणि कारण दिले की जात म्हणजे वंश नव्हे. वाक्य बाबासाहेबांचेच, पण त्यांच्या हेतूच्या नेमके उलट वापरलेले. जात वंश नाही असे बाबासाहेब म्हणाले ते ती मोडता येते हे सांगण्यासाठी. निसर्गाने केलेली गोष्ट मोडता येत नाही, माणसाने केलेली मोडता येते. सरकारने तेच वाक्य जबाबदारी टाळायला वापरले.

वास्तविक वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर 'कुळ-जन्म' हाही शब्द आहे, आणि भारताने १९६८ मध्ये त्या करारावर शिक्कामोर्तब केले आहे. २००२ मध्ये संबंधित संयुक्त राष्ट्र समितीने त्या शब्दात जातिभेद येतो असे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा संमत केला, तो राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये अडवला. या लढ्यांत कोणालाही डीएनए चाचणी दाखवावी लागली नाही. भेदभाव झाला हे दाखवावे लागले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हाही नाते रक्ताचे नव्हते. सोसण्याचे आणि लढण्याचे होते.

नागसेनाने विचारलेला प्रश्न

औरंगपुऱ्याहून रिक्षाने थोड्याच वेळात नागसेनवन येते. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले आणि त्याला नाव दिले मिलिंद. मिलिंद कोण? मिनँडर, ग्रीक कुळातला राजा. म्हणजे 'परकीय'. भिक्खू नागसेनाशी वाद घालून धम्माच्या जवळ आलेला. मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या पहिल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी एका यवनाचे नाव दिले, कारण त्याने प्रश्न विचारले आणि उत्तर पटल्यावर मान्य केले.

नागसेनाने राजाला विचारले होते, रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस रथ आहे का? दांडा रथ आहे का? एकही भाग रथ नव्हता. 'रथ' हे जुळणीला दिलेले नाव होते. वंशालाही हाच प्रश्न विचारा. नाक वंश आहे का? कातडी? कवटी? जनुक? रिस्लेपासून आजपर्यंत सगळे भाग तपासून झाले.

त्याहून आधी वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते. गवतात, झाडांत, किड्यांत, पशुपक्ष्यांत जन्माने वेगळ्या खुणा आहेत. माणसांत केसांपासून पायांपर्यंत तशी खूण नाही. माणसांतले भेद व्यवहाराने ठेवलेली नावे आहेत. आणि अस्सलायन सुत्तात त्यांनी यवन-कंबोजांचा दाखला दिला : तिथे चार वर्ण नाहीत, मालक आणि दास असे दोनच आहेत, आणि मालकाचा दास, दासाचा मालक होतो. मग चातुर्वर्ण्य निसर्गाचे कसे? परक्या समाजाशी तुलना करून आपल्या समाजाची रचना उघडी पाडणे ही आधुनिक मानववंशशास्त्राची पद्धत आहे. ती आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवन दात्यांची नावे खांबांवर कोरलेली आहेत. आपल्या लेण्यांनी दात्याचे रक्त तपासले नाही.

मग रकान्यात काय लिहायचे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले, देशातल्या बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक. धर्माचा रकाना 'बौद्ध' आणि फक्त 'बौद्ध', यात तडजोड नाही.

जातीच्या रकान्याबद्दल काहींना वाटते की तिथे अनुसूचित जातीचे नाव लिहिणे म्हणजे बावीस प्रतिज्ञांचा भंग. हा समज जात म्हणजे रक्त असे मानल्यातून येतो. जात रक्त नसेल, तर तो रकाना तुमची ओळख विचारत नाही. तुमच्या घराण्यावर कोणता अन्याय लादला गेला, त्याची नोंद तो मागतो. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तो याच तत्त्वावर : धर्म बदलला तरी अन्यायाचे परिणाम एका दिवसात जात नाहीत. अनुसूचित जातींच्या संख्येवर राखीव जागा आणि अर्थसंकल्पातला वाटा ठरतो. म्हणून धर्म बौद्ध आणि जात अनुसूचीत असलेल्या नावाने, ही नोंद हक्काचे रक्षण करते. जखमेचा पंचनामा करताना जखमेचे नाव लिहावेच लागते, त्याने जखम वंदनीय होत नाही.

वंशाचा रकाना मात्र मागू नका. तो मागणारे पूर्वी कोण होते आणि त्यांनी काय केले, हे बर्लिनच्या इतिहासात आहे.

आणि एक काम जनगणनेबाहेरचे आहे. आपल्या वधू-वर सूचीत आजही 'बौद्ध' शब्दापुढे कंस उघडतो, कंसात पोटजात येते. सत्तर पिढ्यांचा तो बंद दरवाजा आपल्या घरातूनही आपणच धरून ठेवला आहे. परकीय वंश शोधण्यापेक्षा तो कंस पुसणे कठीण आहे, आणि बाबासाहेबांनी सांगितलेले काम तेच आहे. येत्या लग्नसराईत सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची नाही, एवढे प्रत्येक विहाराने ठरवावे.

जय भीम, नमो बुद्धाय.